रोल नंबर एकचा बैल

आमच्या लातुरात त्या काळी एखादं पोरगं 'मला डॉक्टर व्हायचंय' म्हणालं, तर 'कशाचं?' असं कुणी विचारत नसे. डॉक्टर म्हणजे माणसांचा, आणि तोही एमबीबीएस. बाकीचे सगळे प्रकार सीईटीत मार्क कमी पडल्यावर सापडतात, अशी आमच्या गल्लीची ठाम समजूत होती. त्यामुळे मीही बारावीचं अख्खं वर्ष भेटेल त्याला बेधडक सांगत होते की मला डॉक्टर व्हायचंय. त्यात खोटं काहीच नव्हतं. मला बैलांचं व्हायचं होतं, एवढंच कुणी विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही.

मग निकाल लागला. मार्क असे काही नेमके पडले की एमबीबीएस हुकलं आणि उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजला सहज नंबर लागत होता. मला इतका आनंद झाला की मी आईला मिठी मारली. आईला वाटलं मी रडतेय, म्हणून ती रडायला लागली.

शेजारचे शेषेरावकाका पेढे घेऊन आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात असताना त्यांनी पाण्याला वळण लावलं की नाही ते ठाऊक नाही, पण निवृत्तीनंतर गल्लीतल्या पोरांना लावायचं काम त्यांनी मनावर घेतलं होतं.

"कुठं लागून राहिला नंबर, देविका?"

"उदगीरला."

"उदगीरला कधी निघालं मेडिकल?"

यावर अण्णा खोकले. अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कूलला गणित शिकवायचे आणि आयुष्यात कधी आजारी पडले नव्हते. पण त्या दिवसापासून, मी कशाची डॉक्टर होणार हा प्रश्न निघाला की त्यांना हटकून खोकला यायचा. खोकल्याच्या आडून ते 'पशु' एवढं दोन अक्षरी काहीतरी पुटपुटायचे आणि 'वैद्यकीय' मात्र खणखणीत म्हणायचे.

माझ्या हातात ठेवलेला पेढा परत कसा घ्यावा हे काकांना सुचेना. म्हणून त्यांनी बॉक्स तेवढा आपल्याकडं ओढून घेतला.

"रिपीट मार," ते म्हणाले. "आमच्या साडूच्या पोरानं तीनदा मारलं. इतकुसा बी खचला न्हाई."

"आता काय करतो तो?"

"चौथ्यांदा मारून राहिला की."

समोरच्या मुग्धाच्या आईनं वेगळाच मुद्दा काढला. स्थळांना काय सांगायचं? मग तोडगाही तिनंच दिला. मुलगी डॉक्टर आहे, एवढंच सांगायचं. पुढचं त्यांना लग्नानंतर कळतच की. आमच्या क्लासच्या सरांनी मात्र मन मोठं केलं. चौकातल्या फलकावर 'वैद्यकीय प्रवेशाचे मानकरी' या मथळ्याखाली त्यांनी माझा फोटो लावला. मी म्हटलं, "सर, पण माझं जनावरांचं आहे." सर म्हणाले, "फोटोत कुठं दिसतंय?" दोन वेण्या घातलेली मी, गुणवंतांच्या रांगेत शेवटून पहिली, येणाऱ्या-जाणाऱ्या जीपांकडं अपराधी चेहऱ्यानं बघत महिनाभर चौकात लटकत होते.

मला हे खूळ कुठून लागलं? थोडक्यात सांगते. भूकंपानंतर आम्ही किल्लारीच्या पलीकडं आमच्या गावी गेलो होतो. मी तेव्हा शाळेत होते. माणसांसाठी गाड्या भरभरून डॉक्टर आले होते. आणि अण्णांच्या भावाची, व्यंकटीकाकांची, म्हैस पाय मोडून तंबूमागं पडली होती, तिच्याकडं जायला कुणाला सवड नव्हती. मी तिच्याजवळ नुसती बसून होते. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. झालं, एवढंच. यापुढचा माझा जनावरांचा अनुभव म्हणजे मुग्धाच्या घरचा पोपट, आणि तो मला चावला होता.

अण्णांचा विरोध मात्र साधासुधा नव्हता. ते गावातल्या गोठ्यातून आले होते. पहाटे शेण काढून, तसेच पाय धुऊन शाळेला पळायचे. लातुरात आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर पांढरे सदरे शिवले. रोज इस्त्री. सदऱ्यावर खडूचा डाग चालायचा, दुसरा कुठलाच नाही.

"मी शेणातून बाहेर पडायला अर्धं आयुष्य घालवलं," ते म्हणाले, "आणि तू मार्क मिळवून परत त्यात चाललीस?"

मी म्हटलं, "गावाला डॉक्टर नको का?"

"गावाला तू नको आहेस. ज्या पोरीला म्हैस कुठल्या बाजूनं उठते ते माहीत नाही, तिच्या हातात कोण बैल देईल?" मग गणिताच्या माणसाप्रमाणं त्यांनी अट मांडली. "गावातल्या एका तरी माणसानं, आपण होऊन, आपल्या बैलाचं दावं तुझ्या हातात दिलं, तर मी स्वतः तुला उदगीरला सोडायला येईन. नाही दिलं, तर मुकाट्यानं रिपीट."

प्रवेशाची शेवटची तारीख पोळ्यानंतर लगेचच होती. मी अट मान्य केली. इथवर माझं काहीही चुकलं नव्हतं. यापुढचं सगळं चुकलं.

शहाण्या मुलीनं काय केलं असतं? गावी व्यंकटीकाकांकडं जाऊन चार दिवस राहिली असती, वैरण टाकली असती, एखाद्या बैलाशी ओळख काढली असती. पण मी लातूरच्या क्लासमध्ये तयार झालेली. एकेका बैलाला भेटत बसणं मला मागास वाटलं. मी ठरवलं, शिबिर घ्यायचं. लाळ्या-खुरकुताची लस, अख्ख्या गावाला, एका झटक्यात. आणि दिवसही मी असा शोधला की माझंच मला कौतुक वाटलं. पोळा! सगळे बैल गावात, सगळे धुतलेले, सगळे एका जागी, आणि त्या दिवशी कुणाला शेतात काम नाही. इतकी सोपी गोष्ट पशुसंवर्धन खात्याला इतकी वर्षं कशी सुचली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं विचारलं, "शिबिर कुणाचं?"

"बैलांचं."

"अर्जदार कोण?"

"मी."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्या नावावर बैल हाय?"

"नाही."

"मंग सरपंचाचा अर्ज आणा. अन् उद्घाटक कोण?"

"उद्घाटक कशाला?"

"उद्घाटक नसंल तर शिबिर होत न्हाई बाई. नुसती लस होते."

नुसती लस मला नको होती. दोन खेपा मारून मी सरपंचांचा अर्ज मिळवला आणि उद्घाटक म्हणून शेषेरावकाकांचं नाव घातलं. काका आतापर्यंत माझ्या विरोधात होते. पण नारळ आपल्या हातानं फुटणार म्हटल्यावर त्यांना पशुसेवेचं महत्त्व एकदम पटलं.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर विरूपाक्ष निलंग्याकडचे, शांत माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "पोळ्याला सुई लावू देतात का तुमच्याकडं?"

"माझं गावातल्या काकांशी सगळं बोलणं झालंय," मी म्हणाले.

"आयतु," ते म्हणाले. म्हणजे ठीक आहे. "तुमचं गाव, तुम्हाला ठाऊक."

बोलणं झालं होतं हे खरंच. एसटीडीवरून मी व्यंकटीकाकांना ओरडून सांगितलं होतं, "काका, पोळ्याला डॉक्टरांना घेऊन येतेय!" आणि काका तिकडून ओरडले होते, "या की! पुरण जास्त घालाय लावतो!"

पोळ्याच्या दिवशी जीप निघाली. पुढं डॉक्टर आणि उद्घाटक, मागं बर्फाच्या पेटीत लस, कापडी फलक, मी आणि अण्णा. अण्णा परीक्षक म्हणून आले होते. नवा पांढरा सदरा, खिशाला पेन. फलकावर पेंटरनं गाय काढली होती. तिच्याकडं बघून शेषेरावकाका म्हणाले, "कुत्र्यांचं बी करायचंय का?"

आणखी एक गोष्ट माझ्या पिशवीत होती, आणि पुढचा सगळा घोळ तिनंच केला. पुठ्ठ्याचे चौकोन, प्रत्येकाला भोक पाडून सुतळी ओवलेली, आणि वर ठळक आकडे. लातुरात आम्ही नंबराशिवाय पाणीसुद्धा पीत नव्हतो. गर्दी होणार, तर बैलांना रोल नंबर नकोत?

आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, आणि वेस नाही. जुनी वेस ढिगाऱ्यात गेली. त्यामुळं पोळ्याचं तोरण देणगीदारांच्या सिमेंटच्या कमानीला बांधतात. कमानीपुढं सजलेले बैल यायला लागले होते. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं, हलगी वाजत होती. मी फलक बांधला आणि आलेल्या क्रमानं नंबर बांधायला सुरुवात केली. सगळ्यात पहिला बैल घेऊन आले व्यंकटीकाका. पुतणीचा कार्यक्रम म्हणून बिचारे लवकर आले होते. मी लांबूनच हात पुढं करून, डोळे जवळजवळ मिटून, त्यांच्या बैलाच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेला नंबर एक अडकवला.

हलगी थांबली.

"हे काय हाय?" कुणीतरी विचारलं.

"नंबर. यांचा पहिला."

"कुणी ठरवलं?"

"मी," मी अभिमानानं म्हणाले.

आता हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जायचा, हा मान. जुन्या गावात त्यावरून दोन भावक्यांत डोकी फुटायची. नव्या गावात आल्यावर तोच तंटा पुन्हा उभा राहिला. शेवटी सगळ्या गावानं मिळून एक तोड काढली: मान तुळजाबाईच्या पाखऱ्याचा. पाखऱ्या भूकंपात ढिगाऱ्याखालून दुसऱ्या दिवशी जिवंत निघालेला बैल. तुळजाबाईच्या घरातलं तेवढंच जिवंत निघालं होतं. त्यावर कुणी तोंड उघडू शकत नव्हतं. आणि मी, शिकलेली पोर, शहरातून येऊन तो मान माझ्या सख्ख्या काकाच्या बैलाला पुठ्ठ्यावर लिहून दिला होता.

"सरांनी लातुरात बसून मान फिरवला व्हय?" एकजण अण्णांकडं बघून म्हणाला. व्यंकटीकाका तोंडावर हात ठेवून उभे राहिले. अण्णांना खोकला आला.

वातावरण निवळावं म्हणून डॉक्टर विरूपाक्ष म्हणाले, "नंबर राहू द्या. लस तरी टोचून घेऊ."

"टोचून?" व्यंकटीकाकाच ओरडले. "अगं पोरी, आज आम्ही बैलाला चाबूक दावत न्हाई, खांद्यावर जू ठिवत न्हाई, अन् तू सुई खुपसाय आणलीस? सणाच्या दिवशी?"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत 'काकांशी बोलणं झालंय' हे वाक्य मला स्पष्ट दिसलं. बर्फ वितळायला लागला होता. ते पेटी घेऊन जीपनं फाट्यावरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात निघून गेले, कारण पंचक्रोशीतला फ्रिज तिथंच होता. शेषेरावकाका नारळ हातात घेऊन उभे होते. उद्घाटन कशाचं करायचं हे त्यांना कुणी सांगेना.

तेवढ्यात तुळजाबाई पाखऱ्याला घेऊन आली. बैल म्हातारा, हळूहळू चालणारा, पण शिंगं तेलानं चकचकीत. तो सावकाश कमानीपाशी आला, काकांच्या बैलाशेजारी उभा राहिला, मान वळवली, आणि त्याच्या गळ्यातला नंबर एक सुतळीसकट तोंडात घेतला.

 मग सगळं गाव हसलं. "घेतला की! आपला मान आपणच घेतला!" हलगी पुन्हा सुरू झाली. मला इतकं हायसं वाटलं की मीही हसले. गावात माझ्याशिवाय एवढं समजूतदार कुणी असेल तर हा बैल, असं माझ्या मनात आलं.

आणि पाखऱ्या ठसकला. एकदा, दोनदा. मान लांब केली, तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. सुतळीचं एक टोक ओठाबाहेर, बाकी सगळं आत. तो डोळे पांढरे करून मागं सरकायला लागला. डॉक्टर फाट्यावर. जीप फाट्यावर.

तुळजाबाईनं सुतळी ओढून पाहिली. ती कुठंतरी अडकली होती. तशी तुळजाबाई वळली आणि तरातरा माझ्याकडं आली.  "ढिगाऱ्यातनं निघाला माझा. अन् तुझ्या पुठ्ठ्यानं जाईल? तूच बांधलंस न्हवं? तूच काढ. धर!" आणि तिनं दावं माझ्या हातात कोंबलं.

 ज्ञान म्हणून मला एकच गोष्ट आठवत होती: गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. हे मी वाचनालयात स्वतः वाचलं होतं. पण दाढांबद्दल त्या पानावर काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवेना. मी दावं धरून उभी राहिले. पाखऱ्यानं एक हिसका दिला आणि मी शेणात बसले. पळून जावं असं वाटत होतं. पण तो घरघरत होता, आणि त्याची ही दशा मी केली होती. मला रडू आलं, तशीच उठले.

"दावं आखूड धर."

अण्णा होते. घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं, बाह्या सारल्या, आणि जे केलं ते इतकं सहज केलं की मी बघतच राहिले. एका हाताची दोन बोटं थेट बैलाच्या नाकपुड्यांत घालून त्यांनी मान वर उचलली, दुसरा हात तोंडाच्या कडेनं आत घातला आणि जीभ धरून बाजूला ओढली. पाखऱ्या जागच्या जागी थांबला.

"आता घाल हात. कडेनं, गालाला धरून. दाढांच्या मधे जायचं नाही." आवाज वर्गातला, फळ्यापुढचा. "घाबरू नको. मी सोडत नाही."

मी हात घातला. आत गरम होतं आणि खरखरीत, आणि मला काही दिसत नव्हतं. मागच्या दाढेला सुतळीचा वेढा लागला. मी तो नखानं सोडवला, कोपरापर्यंत आत गेलेली मी हळूहळू बाहेर आले, आणि माझ्या मुठीत सुतळी, आणि सुतळीला नंबर एक. चावून लगदा झालेला, पण आकडा वाचता येत होता. पाखऱ्यानं एक लांब श्वास घेतला आणि अण्णांच्या अंगावर सपशेल शिंकला.

तुळजाबाई बैलाच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून तिनं त्याला तोरणाखालून नेलं, पहिलं. शेषेरावकाकांनी संधी साधून कमानीवर नारळ फोडला.

काकांच्या घराकडं परतताना मी अण्णांना म्हणाले, "दावं दिलं तिनं."

अण्णांच्या सदऱ्यावर पांढरं असं काही उरलं नव्हतं. तरी ते म्हणाले, "रागानं दिलं. अट 'आपण होऊन' अशी होती." गणिताच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. रात्री काकांकडं पुरणपोळी समोर आली, ती मी तशीच झाकून ठेवली. सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर विरूपाक्ष फ्रिजमधली लस घेऊन आले. सण झाला होता, आता सुईला कुणाची ना नव्हती. फलक नव्हता, नंबर नव्हते, उद्घाटन कालच झालं होतं. मी मारुतीच्या पारावर कोपऱ्यात बसले होते. अण्णा काकांचा जुना बंडी-पायजमा घालून उभे. सगळ्यात आधी आली तुळजाबाई. डॉक्टरांनी दावं घ्यायला हात पुढं केला.

"तुमी सुई मारा," ती म्हणाली. "दावं हिच्याकडं. हिला त्याचं तोंड आतून ठाऊक हाय." आणि तिनं ते माझ्या हातात ठेवलं. या खेपेला हळू.

मी अण्णांकडं बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. दावं आखूड धरलं, तेवढंच.

दुपारी लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी जीपमधून उतरलो. अण्णांच्या हातात सदऱ्याची ओली पिशवी होती. मुग्धाची आई दारात होतीच, शेजारी तिची कुणी पाहुणी.

"ही आमच्या सरांची देविका," मुग्धाची आई म्हणाली. "डॉक्टर होणार हाय."

"हो का! कशाची गं?" पाहुणीनं विचारलं. ती बाहेरगावची असावी.

मी सवयीनं थांबले. अण्णांना खोकला येणार होता. गल्लीलाही ते पाठ होतं. शेषेरावकाकांनी तर नजर आधीच दुसरीकडं वळवली.

"बैलांची," अण्णा म्हणाले. चौकातल्या फलकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "सोमवारी उदगीरला सोडायला चाललोय."